कॉलबुकातली सही

चिखली
६ जानेवारी २०२५

आत्या, सप्रेम जय भीम.

तुझी कानाची मशीन पुन्हा कपाटात गेली, असं बाबांनी सांगितलं. म्हणजे मी फोनवर ओरडायचं आणि तू काहीही न ऐकता "हाव, हाव" म्हणायचं, ते आता बंद. बरंच झालं. आमच्या हॉस्टेलमध्ये पत्र लिहिणारी मी एकटीच आहे. माझी रूममेट हिमानी विचारते, कोणाला नोटीस पाठवतेस का.

आमचं शेवटचं वर्ष सुरू झालं आणि मेडिसिनच्या वॉर्डात पोस्टिंग लागली. आठवड्यातून एक दिवस आमच्या युनिटचा कॉल असतो. त्या चोवीस तासांत वॉर्डात काहीही झालं तरी आमच्या युनिटनं धावायचं. आम्ही विद्यार्थी म्हणजे हमालच. बीपी मोजा, रक्ताच्या बाटल्या लॅबला पोचवा, रिपोर्ट घेऊन या. मी अजून डॉक्टर नाही, पण पेशंट "मॅडम" म्हणतात आणि मी मागे वळून पाहते की कोण आलं.

इथं लाल पुठ्ठ्याचं एक कॉलबुक आहे. पेशंटला काही त्रास झाला की सिस्टर त्यात लिहितात, वॉर्डबॉय जानरावमामा ते ड्युटीरूममध्ये आणतात. डॉक्टरनं पेशंट पाहायचा, "पाहिले" लिहायचं, वेळ टाकायची आणि सही करायची. सही नसेल तर दर दहा मिनिटांनी पुस्तक परत येतं, आणि तिसऱ्यांदा ते थेट युनिटच्या प्रमुखांकडे, म्हणजे मोठ्या सरांकडे जातं. मामा साठीला आलेत, पण पुस्तक घेऊन असे येतात की जणू कोर्टाचं समन्स आहे.

आमचे सीनियर म्हणजे एमडी शिकणारे डॉक्टर चिन्मय सर. मनानं चांगले आहेत, शिकवतातही, पण दीड-दीड दिवस सलग ड्युटी करतात बिचारे. परवा ते कॅज्युअल्टीत अडकले होते, तर फोनवर मला म्हणाले, "सुवर्णा, माझी सही करून ठेव, मी आलोच." मी केली. दहा मिनिटांत ते आले, पेशंट पाहिला, सगळं नीट झालं. आता तर मला त्यांची सही हुबेहूब येते. सहा विद्यार्थ्यांत हे काम त्यांनी मलाच सांगितलं, म्हणून थोडी फुगले आहे मी.

वेळ लिहायला तू दिलेलं घड्याळ कामी येतं. ॲप्रनला पिनेनं लावलेलं तुझं नर्सिंगचं घड्याळ पाहून सगळे हसतात, पण चावी दिली की ते मिनिटभरही चुकत नाही. त्याच्या मागे खिळ्यानं "ध" कोरलंय. ते कशाचं गं?

तुझी,
सुवर्णा

—

रोहिणखेड
१३ जानेवारी २०२५

चि. सुवर्णास, आत्याचा जय भीम.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा मशिदीमागच्या शेख बाईला वाचून दाखवलं. ती माझ्याकडून बीपी मोजून घ्यायला येते. आता विचारते, "पोरगी कधी येते गावात दवाखाना टाकायले?" मी म्हटलं, आधी पास तर होऊ दे.

सहीचं मनावर घेऊ नकोस. दवाखाने असेच चालतात. मी बत्तीस वर्षं सिस्टर होते. साहेब कधी जेवायला गेले, कधी लग्नाला गेले, पुस्तक कोरं ठेवून कसं भागेल? किती सह्या केल्या असतील मी, एकदाही काही बिघडलं नाही. साहेब लोक ज्याच्यावर विश्वास टाकतात त्यालाच पुढे शिकवतात. आपल्या घरातल्या पोरीवर तो टाकला, मला तर आनंदच आहे. तुझ्या बापानं एसटीच्या डेपोत आयुष्यभर गाड्यांखाली पाठ घासली ती याच दिवसासाठी.

घड्याळाला सकाळी उठल्यावर चावी देत जा, रात्री देऊ नको. मागचं अक्षर दुकानदाराची खूण असेल. जुनं घड्याळ आहे, मला काय आठवणार.

जेवत जा वेळेवर.

तुझी आत्या,
बेबी

—

चिखली
३० जानेवारी २०२५

आत्या, जय भीम.

पत्र मिळालं. मी बरी आहे. कामाची गडबड आहे.

सव्वीस जानेवारीला आमच्या वॉर्डात एक पेशंट गेला. अठ्ठेचाळीस वर्षांचा होता, लोणारकडचा. माझ्याकडे नव्हता तसा. सहज लिहिलं.

घड्याळ आता ॲप्रनला लावत नाही, पेटीत ठेवलंय. बाबांना काही सांगू नको, म्हणजे सांगण्यासारखं काही नाहीच.

सुवर्णा

—

रोहिणखेड
५ फेब्रुवारी २०२५

चि. सुवर्णास,

एवढंसं पत्र? आणि अक्षर तर असं की बसमध्ये बसून लिहिलंस की काय?

पोरी, पहिलं मरण सगळ्यांना असंच लागतं. माझ्या पहिल्या वेळी मी दोन दिवस जेवले नव्हते. मेट्रननं मला चहा पाजला आणि सांगितलं, उद्या त्या खाटेवर दुसरा माणूस येईल, त्याच्याकडे पाहा. तूही तेच कर. त्या माणसाचं आयुष्य तेवढंच होतं, तुझा काय दोष त्यात? तू तर नुसती विद्यार्थिनी.

घड्याळ पेटीत ठेवायचं काही कारण नाही. लाव ते. आणि या रविवारी मोताळ्याच्या गाडीच्या कंडक्टरकडे ठेच्याची बरणी देते आहे, बुलढाण्याला तुझा बाप उतरवून घेईल आणि पुढे पाठवील. हिमानीला पण दे, पण जपून, तिला आपला ठेचा सोसणार नाही.

तुझी आत्या,
बेबी

—

चिखली
११ फेब्रुवारी २०२५

आत्या,

ठेचा मिळाला. बरणी उघडली नाही अजून.

मी तुला खोटं लिहिलं होतं. तो पेशंट माझ्याकडेच होता.

सव्वीस जानेवारी रविवारीच आली. सकाळी झेंडावंदन झालं, निम्मा स्टाफ सुट्टीवर. पुष्पांजली सिस्टर एकट्याच पुरुषांचा आणि बायकांचा असे दोन्ही वॉर्ड सांभाळत होत्या. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी जानरावमामा पुस्तक घेऊन आले. "मॅडम, खाट अकरा. साहेब कोठी हायेत?" सिस्टरनं लिहिलं होतं, वैजनाथ, घाम येतोय, अस्वस्थ, छातीत जळजळ. मी चिन्मय सरांना फोन लावला. ते शनिवार सकाळपासून उभे होते, आंघोळीला म्हणून हॉस्टेलवर गेले होते. म्हणाले, "सही करून ठेव, दहा मिनिटांत पोचतो." मी सही केली. "पाहिले, ३.१०." तुझ्याच घड्याळात बघून.

मग मी खाट अकराजवळ गेले. बीपी थोडं कमी होतं. तो माणूस मला म्हणाला, "ॲसिडिटी हाय मॅडम, काल लग्नात जेवलो." त्याची बायको शारदा पदरानं वारा घालत होती. मी सांगितलं, डॉक्टर येतातच आहेत. आणि रक्ताच्या बाटल्या घेऊन लॅबला गेले. सुट्टीमुळे तिथं एकच माणूस होता, भली मोठी रांग होती. परत आले तेव्हा पावणेपाच झाले होते. खाट अकराभोवती पडदा लावला होता.

सर आले नव्हते. आंघोळ करून बूट घालायला पलंगावर बसले आणि तसेच झोपले. मला ते खरं वाटतं. सिस्टर साडेतीनला बायकांच्या वॉर्डातून आल्या, त्यांनी सही पाहिली, वाटलं डॉक्टर येऊन गेले, ॲसिडिटीच असेल. त्या पुन्हा तिकडे गेल्या. सही नसती तर पुस्तक परत आलं असतं. मी नव्हते, सर नव्हते, तर मामा ते मोठ्या सरांकडे घेऊन गेले असते. मोठे सर त्या दिवशी हॉस्पिटलातच होते, आत्या. खालच्या मजल्यावर.

शारदाबाईंनी मला जिन्यात धरलं. "डॉक्टर येऊन गेले होते ना वं बाई?" मी "हो" म्हटलं. मला दुसरं काही सुचलं नाही. त्या म्हणाल्या, "मंग त्याईनं त्याईच्या हातचं केलं म्हना." आणि जिन्याच्या पायरीवर बसल्या.

आता चौकशी लागली आहे. सरांनी लिहून दिलंय की त्यांनी तीन-दहाला पेशंट पाहिला आणि सिस्टरला तोंडी ईसीजी काढायला सांगितला. सिस्टर म्हणतात, मला कोणी काही सांगितलं नाही. पण पुस्तकात सही सरांची आहे, तर सिस्टरचं कोण ऐकणार? त्या करारावर आहेत. वीस तारखेला माझी साक्ष आहे. सर मला कॅन्टीनमध्ये भेटले, म्हणाले, "मी आलो होतो एवढंच सांग. सही तू केली हे कळलं तर तुला कॉलेजातून काढतील." मला त्यांचं वाईटही वाटलं आणि रागही आला.

खरं सांगितलं तर मी जाते. नाही सांगितलं तर पुष्पांजली सिस्टर जातात. बाबांना विचारायची हिंमत नाही. तू नर्स होतीस, तू सांग. तू सांगशील ते करीन.

सुवर्णा

—

रोहिणखेड
१४ फेब्रुवारी २०२५

सुवर्णा,

गप्प राहा. तुझे सर सांगतात तेवढंच सांग आणि बाहेर ये.

जो गेला तो आता परत येणार नाही. सिस्टरचं वाईट वाटून घेऊ नको, नर्सला कुठेही काम मिळतं. तुला पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही. आपल्या भावकीत आजवर एकही डॉक्टर झाला नाही, हे ध्यानात ठेव. तुझ्या बापाला, पंजाबला, यातला एक शब्द कळू देऊ नको, तो खचेल.

हे पत्र वाचून फाडून टाक.

आत्या

—

रोहिणखेड
१७ फेब्रुवारी २०२५

सुवर्णा,

मागचं पत्र पेटीत टाकल्यापासून मला झोप नाही. कान गेले तरी डोकं बंद होत नाही. हे पत्र घेऊन मी मोताळ्याला जाते आहे, स्पीड पोस्ट करीन, म्हणजे वीस तारखेच्या आत तुला मिळेल. शेजारच्या पोरीकडून तुला मेसेज पाठवता आला असता, पण हे मला दुसऱ्याच्या हातानं लिहवणार नाही.

नर्सला कुठेही काम मिळतं असं मी लिहिलं. ते खोटं आहे. धम्मशीलाला मिळालं नाही.

१९९८ साली मी ज्या दवाखान्यात होते तिथं ती माझ्या हाताखाली नवीन लागली होती. बावीस वर्षांची असेल. माझ्या ड्युटीत एका बाळंतिणीला रक्त जास्त जात होतं. आमचे साहेब पाहुण्यांकडे लग्नाला गेले होते. निघताना म्हणाले होते, काही लागलं तर माझी सही करून ठेवा, मी जेवून येतोच. मी सही केली. दोन वाजता माझी ड्युटी संपली, धम्मशीला आली. तिला मी सांगितलं, साहेबांनी पाहिलंय. का सांगितलं? घरी जायची घाई होती. पंजाबचा साखरपुडा होता, तुझ्या आईशी. धम्मशीलानं पुस्तक पाहिलं, सही पाहिली आणि बाईला नुसतं झोपू दिलं. पाच वाजता ती बाई गेली. तिचं मूल वाचलं.

साहेब म्हणाले, मी पाहून गेलो होतो, सिस्टरनं लक्ष ठेवलं नाही. मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, हो, साहेब आले होते. माझ्याकडे कोणी वर मान करूनही पाहिलं नाही. धम्मशीलाला त्याच दिवशी घरी पाठवलं. तिनं बिल्ला काढला, टोपी काढली, घड्याळ काढलं आणि टेबलावर ठेवून गेली. घड्याळ तर तिचं स्वतःचं होतं, नर्सिंग पास झाली तेव्हा तिच्या बापानं घेऊन दिलेलं. ते परत द्यायचं म्हणून मी पर्समध्ये टाकलं. सत्तावीस वर्षं झाली.

"ध" दुकानदाराचा नाही.

तुझ्या ॲप्रनला ते मी माझ्या हातानं लावलं. सह्या कर म्हणूनही मीच तुला लिहिलं. एकदाही काही बिघडलं नाही, असं बेधडक लिहिलं. मी तसं लिहिलं नसतं तर तुझा हात थोडा तरी थांबला असता का, हे मी आता रोज विचारते.

काय करायचं ते मी सांगणार नाही. मला सांगायचा हक्क नाही. पण गप्प राहिल्यावर पुढे काय होतं ते मला माहीत आहे. माझं सगळं नीट झालं. नोकरी झाली, निवृत्ती झाली, सत्कार झाला, साडी मिळाली. आणि त्यातलं काहीच मला माझं वाटलं नाही.

आत्या

—

चिखली
६ मार्च २०२५

आत्या,

तुझं १७ तारखेचं पत्र मला बावीसला मिळालं.

वीस तारखेला मी तू आधी सांगितलं होतंस तेच सांगितलं. "हो, चिन्मय सर आले होते." तीन जण बसले होते, दोन मिनिटांत झालं. एका मॅडमनी तर मला पाणी दिलं. पुष्पांजली सिस्टर बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "सांगितलं ना खरं?" मी मान हलवली. एकवीसला त्यांना पत्र मिळालं, उद्यापासून येऊ नका म्हणून.

तुझ्यावर राग आला होता, लपवत नाही. तीन दिवस आला. त्या पत्राला पाच दिवस लागले म्हणून पोस्टावर आला, मग तू आधीच का नाही लिहिलंस म्हणून तुझ्यावर. जानेवारीत मी "ध" विचारला होता तेव्हाच लिहिलं असतंस तर. मग वाटलं, सही तर मीच केली. तू पत्रातून माझा हात धरला नव्हता.

पंचवीसला मी डीनसाहेबांकडे गेले आणि सगळं लिहून दिलं. त्यांच्यासमोर कोऱ्या कागदावर चिन्मय सरांची सही करून दाखवली. त्यांनी ती पुस्तकातल्या सहीशेजारी धरून पाहिली. तीन मार्चला पुन्हा चौकशी बसली. सर कबूल झाले. ते बाहेर आले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थकवा होता.

या वेळी शारदाबाईंना लोणारहून बोलावलं होतं. मी सगळ्यांसमोर सांगितलं की डॉक्टर आलेच नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मंग तवा हो काऊन म्हणलं?" मग म्हणाल्या, "महिनाभर मी घरी सगळ्याइले सांगून राह्यले, डॉक्टरनं पाहिलं होतं म्हणून." आत्या, एवढा एक आधार होता त्यांना, तोही मीच दिलेला, तोही मीच काढून घेतला.

मी सहा महिने निलंबित. परीक्षा हुकली, पुढच्या वर्षी बसू देतील की नाही ते नंतर ठरणार. सरांचं वर्ष गेलं. सिस्टरवरचा ठपका काढला, पण त्यांचा करार ३१ मार्चला संपतो आणि तो वाढवत नाहीयेत. मी त्यांच्या घरी गेले होते. त्यांनी दार उघडलं, चहा विचारला नाही. "आता काय फायदा मॅडम," म्हणाल्या. मी म्हटलं, मला मॅडम म्हणू नका. त्यांनी दार लावून घेतलं.

बाबा मला न्यायला आले होते. बसमध्ये बुलढाण्यापर्यंत माझी पिशवी मांडीवर घेऊन बसले. स्टँडवर उतरल्यावर म्हणाले, "जेवली का?" मग मला फार रडू आलं. हे पत्र बुलढाण्याहूनच टाकते आहे, वर चिखली सवयीनं लिहिलं.

सोबत पुडक्यात घड्याळ आहे. ते तुझं नाही, माझंही नाही. जिचं आहे तिला तू स्वतः दे.

सुवर्णा

—

रोहिणखेड
१९ मार्च २०२५

सुवर्णा,

धम्मशीला देऊळगाव राजाला असते हे मला पहिल्यापासून माहीत होतं. कुठे राहते हेही माहीत होतं. काल गेले.

कानाची मशीन कपाटातून काढून लावली होती. गाडी चिखलीवरून गेली तेव्हा तू तिथं नाहीस हे माहीत असूनही मी खिडकीतून तुझ्या कॉलेजचा बोर्ड शोधला. देऊळगावला उतरले, बालाजीच्या देवळाच्या अलीकडे तिचं घर आहे. दारातच शिलाईमशीन मांडलं होतं. ब्लाऊज शिवत होती. केस पूर्ण पांढरे झालेत, माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहे ती. तिनं मान वर केली आणि मला लगेच ओळखलं. हात थांबला, पाय मात्र थोडा वेळ चालतच होता.

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. सही माझी होती, साहेब आले नव्हते, मी खोटं बोलले. घड्याळ पुढे ठेवलं. मग ती बोलायला लागली. आणि माझ्या मशीनचा सेल उतरलेला होता. कपाटात पडून पडून गेला असणार, मी घरून निघताना तपासलाच नाही आणि बसच्या घरघरीत कळलंही नाही.

ती खूप वेळ बोलली. तिचे ओठ हलताना दिसत होते, गळ्याच्या शिरा दिसत होत्या. एकदा तिनं दाराकडे बोट दाखवलं, एकदा स्वतःच्या छातीकडे, जिथं आम्ही घड्याळ लावायचो. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मी कानाला हात लावून दाखवला, कागद-पेन पुढे केलं, म्हटलं, धम्मशीला, लिहून दे, शिव्या असतील तरी लिही. तिनं कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. घड्याळ उचललं, मागचं अक्षर अंगठ्यानं चाचपलं, चावी दिली आणि भिंतीवरच्या घड्याळात बघून काटे लावले.

मग मी निघाले, तेव्हा तिनं माझ्या हातातून पेन घेतलं. त्या कागदावर लिहिलं, "बेबी सिस्टर आल्या. वेळ ११.४०." आणि खाली स्वतःची सही केली.

माफ केलं असं कुठे लिहिलेलं नाही. मी बसमध्ये कागद उलटा करूनही पाहिला.

तुझा बाप म्हणतो, तू खोलीतून बाहेर येत नाहीस. इकडे ये. गावात विचारतील, परत का आली म्हणून. शेख बाईला मी स्वतःच सगळं सांगून टाकलं आहे, तुझं आणि माझंही. ती आज बीपी मोजायला आली नाही.

येताना बुलढाण्याहून माझ्या मशीनचे सेल घेऊन ये. मला देऊळगावला पुन्हा जायचं आहे. ती जे बोलली ते तिला पुन्हा बोलायला सांगायचं आहे, आणि या वेळी मला ते सगळं ऐकायचं आहे. तू सोबत चल.

तुझी आत्या,
बेबी